मलमाची फरशी

कंपाउंडर ही जमात आता संपल्यात जमा आहे. चिठ्ठीबरहुकूम मिक्श्चर भरायचं, बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी डकवून डोस दाखवायचे, पुड्या बांधायच्या, एवढं लोकांना आठवतं. मलमाचं नाव कुणी काढत नाही. माझे वडील मिरजेत औषधांचं दुकान चालवायचे आणि मागच्या खोलीत जाड काचेच्या फरशीवर स्पॅच्युलाने मलम घोटायचे. मी तिथेच शिकलो, बी.फार्म.ची पदवी नंतरची.

हे आत्ता लिहायला कारण घडलं. २०२५मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात आली आणि काउंटरवर नवी तक्रार ऐकू येऊ लागली: "काका, वजन उतरलं खरं, पण तोंडही उतरलं. कातडी नुसती ओढल्यासारखी होते." भूकच मेली की पाणी आणि प्रथिनं पोटात कमी जातात, आणि चरबी झपाट्याने गेली की गालाखालचा आधारही जातो. दुसरीकडे पाळी गेल्यावर हॉर्मोनचे पॅच लावणाऱ्या बायका येतात. त्यांची त्वचा इस्ट्रोजेन घटल्यामुळे आधीच पातळ आणि कोरडी झालेली असते. लिंगबदलाचे उपचार घेणारी तरुण मंडळीही आता न लाजता विचारतात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याला मुरमं येतात; ते रोखून इस्ट्रोजेन घेणारीच्या त्वचेचं तेल कमी होतं. मागणी सगळ्यांची एकच, "काहीतरी माइल्ड द्या." पण डब्यावर माइल्ड छापायला काय लागतं? आमच्या धंद्याचा इतिहास पाहिला, तर सौम्य म्हणून आलेल्या मलमात दर वेळी कुणीतरी काहीतरी वाढवलेलं दिसतं.

सुरुवात कोल्ड क्रीमपासून करतो, कारण ते मी स्वतः केलंय. त्याचं मूळ दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये, गॅलेन नावाच्या वैद्याकडे सांगतात. मधमाश्यांचं मेण, तेल आणि घोटून घोटून त्यात जिरवलेलं पाणी. अंगाला लावलं की ते पाणी सुटून उडून जातं आणि गार वाटतं, म्हणून ते कोल्ड. गॅलेनच्या मलमातलं पाणी लवकर सुटायचं. पुढे त्यात टाकणखार आला. मेणातल्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन जागच्या जागी थोडा साबण तयार होतो, आणि तो तेल-पाण्याला एकत्र बांधून ठेवतो. वडील एका भांड्यात मेण आणि लिक्विड पॅराफिन वितळवायचे, दुसऱ्यात टाकणखाराचं पाणी तापवायचे. दोन्ही सत्तर अंशांच्या आसपास सारखी तापली की पाण्याची बारीक धार मेणात सोडायची आणि गार होईपर्यंत हात थांबवायचा नाही. एक भांडं गार राहिलं तर क्रीम रवाळ व्हायचं. वडील बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायचे. कण लागला की सगळं परत चुलीवर. शेवटी गुलाबपाण्याचे चार थेंब पडायचे, तेही गिऱ्हाइकाने मागितले तरच.

आपल्याकडच्या वैद्यांनी मेणाशिवायच हे साधलं होतं. शतधौत घृत म्हणजे तांब्याच्या परातीत तूप पाण्याबरोबर हाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, असं शंभर वेळा. तुपाचा वास जातो, पिवळेपणा जातो, आणि पांढरंशुभ्र, लोण्यासारखं हलकं मलम हाती येतं. चरकसंहितेत ते दाहावर सांगितलंय. कोकणात तर इतका खटाटोपही नव्हता. रातांब्याच्या बियांतून निघणारं कोकमाचं तेल, मालवणकडचं भिरंडेल, गोळा करून ठेवायचं आणि थंडीत जरा ऊब देऊन टाचेच्या भेगांत भरायचं. माझ्या मते टाचेसाठी याहून सरस काही अजून दुकानात आलेलं नाही.

एकोणिसाव्या शतकात खनिज तेलाने हा धंदा पालटला. पेनसिल्व्हानियातल्या तेलविहिरींवर कामगार पंपाच्या दांड्याला चिकटणारा मेणचट गाळ जखमांना लावायचे. रॉबर्ट चेसब्रो या रसायनज्ञाने तो शुद्ध केला आणि १८७२मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. ना वास, ना खवट होण्याची भीती. १९११मध्ये जर्मनीत निव्हिया आली. लोकरीच्या चरबीपासून काढलेल्या घटकामुळे पाणी त्यात टिकून राहिलं. तोवर बहुतेक क्रीम ताजं करून थोड्या दिवसांत संपवावं लागे. आता ते डब्यात भरून गावोगाव पाठवता येऊ लागलं, आणि कंपाउंडरची फरशी तेव्हापासूनच धूळ खायला लागली.

डब्यात विकायचं म्हटलं की शेजारच्या डब्याहून काहीतरी जास्त हवं. १९३०च्या दशकात अमेरिकेत चक्क इस्ट्रोजेन घातलेली क्रीमं निघाली. हेलेना रुबिनस्टाइनसारखी बडी नावं ती विकत होती. त्याच दशकात वजन उतरवायचं औषधही आलं, डायनायट्रोफिनॉल. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या फ्रेंच कारखान्यांत हे रसायन हाताळणारे कामगार वाळत चाललेले दिसले होते. १९३३मध्ये स्टॅनफर्डच्या टेंटर आणि कटिंग या संशोधकांनी ते लठ्ठपणावर वापरून पाहिलं. शरीर खाल्लेलं नुसतं उष्णता करून उडवून देई. वजन उतरे, पण अंगावर पुरळ उठे, खाज सुटे, काहींना मोतीबिंदू झाला, काही दगावले. १९३८च्या अमेरिकन कायद्याने त्याला आळा बसला, आणि सौंदर्यप्रसाधनंही त्याच कायद्याने पहिल्यांदा सरकारी देखरेखीखाली आली. आपला औषध कायदा १९४०चा. प्रसाधनं त्यात यायला १९६२ची दुरुस्ती लागली.

पण माझ्या पिढीला खरा धक्का दिला तो अ‍ॅक्वियस क्रीमने. १९५८च्या ब्रिटिश फार्माकोपियातलं हे साधं, बिनवासाचं, स्वस्त क्रीम. कोरड्या त्वचेला हेच द्या, असं आम्ही शिकलो. त्यातलं मेण पाण्यात मिसळावं म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट असतं, शंभरात जेमतेम १ भाग. फेस करणाऱ्या शांपूंत असतं तेच. साबणाऐवजी लावून धुऊन टाकलं तर फारसं बिघडत नाही. अंगावर तसंच ठेवलं की त्वचेचा वरचा थर पातळ होतो, असं बाथ विद्यापीठाच्या संशोधकांना २०१०मध्ये दिसलं. २०१३मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी इसबाच्या रुग्णांसाठी तशी सूचना काढली. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं सौम्यपणाचा नमुना म्हणून जे मिरवलं, त्यातच आग करणारी वस्तू होती, आणि तीही नुसती तेल-पाणी जुळवायला.

म्हणून आता मी डब्यावरचं नाव वाचत नाही, मागची यादी वाचतो. जितकी लहान तितकी बरी. वास नको, फळांची आम्लं नकोत, आणि त्वचा आधीच सोललेली असताना रेटिनॉलचा हट्टही नको. कोमट पाण्याने अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच मलम. मुरमांवर मात्र तूप-व्हॅसलीन थापू नका, तिथे हलकं लोशन घ्या. पॅच कोऱ्या, कोरड्या त्वचेवरच लावा, नाहीतर तो निसटतो. जागा दर वेळी बदला, इंजेक्शनचीही. हॉर्मोनचं जेल लावलेल्या जागेवर लगेच क्रीम चोळू नका, आणि ती जागा कपड्याने झाकल्याशिवाय किंवा धुतल्याशिवाय पोराला कडेवर घेऊ नका. पुरळ पसरलं किंवा ओठ सुजले तर माझ्याकडे न येता डॉक्टरांकडे जा.

हे सगळं सांगून मी साधी पांढरी पेट्रोलियम जेली पुढे करतो तेव्हा निम्मे लोक हिरमुसतात. मुलगा तर ती सगळ्यात खालच्या फळीवर ठेवतो. "बाबा, तिच्यावर स्कीम नाही," म्हणतो. वाकून काढायला माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून हल्ली एक डबा गल्ल्याशेजारीच ठेवून घेतलाय.