सर्वज्ञ समय आणि नासदीय संशय : १९८८ मधील दोन दूरदर्शन मालिका

साहित्यविचारात ‘लोकप्रिय’ आणि ‘तात्त्विक’ या दोन कोटी पुष्कळदा परस्परविरोधी मानल्या जातात. १९८८ मध्ये दूरदर्शनवर अवतरलेल्या दोन हिंदी मालिका या गृहीतकाचा फेरविचार करावयास लावतात. २ ऑक्टोबर रोजी बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ सुरू झाली, १४ नोव्हेंबर रोजी श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’. भूतकाळाचे कथन कोणत्या अधिकाराने करावे, हा प्रश्न दोहोंपुढे होता. उत्तरे मात्र भिन्न होती.

मूळ महाभारतात निवेदनाचे थर आहेत. वैशंपायन जनमेजयाला कथा सांगतो. तीच पुढे उग्रश्रवा सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना ऐकवतो. श्रोता प्रश्न विचारतो आणि कथा विस्तारते. ९४ भागांच्या मालिकेचे संवादलेखक राही मासूम रझा यांच्या संहितेत या थरांच्या जागी ‘समय’ हा एकच अशरीरी निवेदक येतो. हरीश भिमाणी यांच्या आवाजातील हा साक्षी कोणत्याही पक्षाचा नाही, ही तात्त्विक जमेची बाजू होय. परंतु त्याला प्रश्न विचारणारा श्रोता उरत नाही.

नेहरूंनी १९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिलेल्या ग्रंथावर आधारलेली ५३ भागांची ‘भारत एक खोज’ ऋग्वेदातील नासदीय सूक्ताने उघडते. ‘घाशीराम कोतवाल’ हिंदीत नेणारे वसंत देव यांनी त्याचे हिंदी रूपांतर केले, वनराज भाटिया यांनी ते संगीतबद्ध केले. सृष्टीचा अध्यक्ष तरी तिचे मूळ जाणतो की नाही, या संशयावर सूक्त संपते. इतिहासकथनाचा आरंभच अशा प्रकारे अज्ञानाच्या कबुलीने होतो.

तथापि हा भेद निरपवाद नाही. स्वतःला आधी हरलेल्या युधिष्ठिराला आपल्याला पणास लावण्याचा अधिकार होता काय, या द्रौपदीच्या प्रश्नापुढे भीष्म निरुत्तर होतात. सर्वज्ञ समय लाभूनही तो प्रश्न मिटत नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) तो प्रश्न उपस्थित करण्यातच द्रौपदीची चूक पाहिली होती. वाद संपलेला नाही, हेच त्यातून दिसते.

तेव्हा लोकप्रिय कलाकृतीचे तात्त्विक मूल्य तिने दिलेल्या उत्तरांवरून ठरवणे अपुरे होय. प्रश्नकर्त्या श्रोत्यासाठी ती किती जागा राखते, हा निकष अधिक न्याय्य ठरतो. महाकाव्याच्या परंपरेलाही तोच लागू पडतो.