तीन पत्ती : पहिली पाने आणि हार

तीन पत्ती : पैसे लावून खेळला जाणारा पत्त्यांचा डाव, पोकरचा भाऊबंद. मराठवाड्यात, कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूरच्या परिसरातही, पोकरपेक्षा हाच ओळखीचा. पोळा-दिवाळीला त्याला विशेष ऊत येतो. नवख्याला दोन प्रश्न पडतात : कोणत्या पानांवर चाल करावी, आणि हरल्यावर मन कसे आवरावे. दोन्हींचे उत्तर एकाच गणितात आहे. पोकरमध्ये पुढे आणखी पाने येतात. इथे मात्र हाती पडलेली तीन पाने शेवटचीच. 52 पानांतून तीन पाने 22,100 प्रकारे येतात. त्यांत ट्रेल (तिन्ही पाने सारखी) फक्त 52, जोडी 3,744, आणि 16,440 वेळा, म्हणजे चारांतील सुमारे तीन वेळा, काहीच जुळत नाही. वेगवेगळ्या रंगांचे एक्का, राजा, नव्वी हातात आले की नवखा हरखतो. पण समोर चौघे असतील, तर त्यांपैकी एकाकडे तरी जोडी किंवा त्याहून वरची पाने असण्याची शक्यता सुमारे 70 टक्के असते. अशा वेळी पॅक करणे, म्हणजे पाने टाकून डाव सोडणे, हा भित्रेपणा नव्हे. सुरुवातीला लावलेला बूट तेवढा जातो, चालीचे पैसे वाचतात.

यावर खेळणारे म्हणतात, ‘बसून राहिलं की पान फिरतंच.’ पण पत्ते दर डावाला पिसले जातात, मागचा डाव त्यांना ठाऊक नसतो. सलग पाच डावांत जोडीसुद्धा न लागणे सुमारे 23 टक्के वेळा घडते. ते दुर्दैव नव्हे, खेळाची रीतच आहे. म्हणून गेलेले पैसे काढायला पुन्हा बसणे ही हार पचवण्याची नव्हे, वाढवण्याची वाट. घरी ठेवायची रक्कम पत्ते वाटण्यापूर्वीच वेगळी काढावी लागते, कारण हरलेला माणूस हिशेब करत नाही. दुसरा आक्षेप कौशल्याचा, आणि तो निम्मा खरा आहे : चेहरा वाचणे, दबाव आणणे ही कला आहेच. तरी 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानताना तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा खेळ ठरवले. ऑनलाइन डावांपुरता 2025 च्या केंद्रीय कायद्याने हा भेदच पुसला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळवण्यावर बंदी आली. हार डोक्यातून जात नसेल, झोप उडाली असेल, उसनवारी सुरू झाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.