जेयुनिट

जेयुनिट हे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत युनिट टेस्टिंगसाठी, म्हणजे आज्ञावलीचा एकेक लहान भाग सुटा करून तपासण्यासाठी, वापरले जाणारे मुक्त स्रोत फ्रेमवर्क आहे. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात त्याचा पहिला मसुदा लिहिला. बेक यांनी त्याआधी स्मॉलटॉक भाषेसाठी एसयुनिट तयार केले होते. जेयुनिटची मूळ रचना त्यावरूनच आली. पायथन, सी शार्प आदी भाषांतील याच वळणाच्या फ्रेमवर्कांना एकत्रितपणे एक्सयुनिट असे म्हणतात.

रचना

जेयुनिटमध्ये प्रत्येक चाचणी ही एक स्वतंत्र मेथड असते. उदाहरणार्थ, ५०० रुपये शिल्लक असलेल्या खात्यातून २०० रुपये काढल्यावर ३०० उरले पाहिजेत, एवढेच एक चाचणी तपासते. अपेक्षित व प्रत्यक्ष उत्तर जुळले नाही तर सुरुवातीच्या आवृत्त्या त्याची नोंद 'अपयश' अशी करीत. आज्ञावली मध्येच कोलमडली तर 'त्रुटी' अशी. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्यास हिरवी पट्टी दिसे, अन्यथा लाल.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र वरवर पाहता लक्षात येत नाही. एका क्लासमध्ये दहा चाचण्या असतील, तर जेयुनिट त्या क्लासचे दहा वेगवेगळे ऑब्जेक्ट निर्माण करते. त्यामुळे वरील चाचणीने खात्यातून काढलेले पैसे पुढच्या चाचणीला कमी दिसत नाहीत. हे अनेक नवशिक्यांना उधळपट्टीचे वाटते. परंतु आधीच्या चाचणीच्या आधारावर उत्तीर्ण होणारी चाचणी खोटा दिलासा देते, आणि तो चाचणी नसण्यापेक्षाही घातक ठरू शकतो. स्टॅटिक चलांना हे संरक्षण लाभत नाही, कारण ती सर्व ऑब्जेक्टांत सामाईक असतात.

या उणिवेचा प्रत्यय २०११ मध्ये जावा ७ आल्यावर आला. तोपर्यंत मेथड साधारणपणे लिहिलेल्या क्रमानेच चालत, जरी भाषेने तशी हमी कधीच दिली नव्हती. नव्या आवृत्तीत क्रम बदलताच, नकळत एकमेकींवर विसंबलेल्या चाचण्या अनुत्तीर्ण होऊ लागल्या. त्यावर जेयुनिट ४.११ मध्ये क्रम निश्चित करण्यात आला. मात्र तो लिहिण्याचा क्रम नव्हे.

आवृत्त्या

तिसऱ्या आवृत्तीपर्यंत चाचणीचा क्लास 'टेस्टकेस' या क्लासपासून व्युत्पन्न करावा लागे व मेथडच्या नावाची सुरुवात 'टेस्ट' या शब्दाने करावी लागे. जावात एका क्लासला एकच जनक क्लास असू शकत असल्याने पहिली अट जाचक होती. दुसरी अधिक फसवी: त्या शब्दात एक अक्षर गाळले गेले तर ती चाचणी चालतच नसे, आणि इतर उत्तीर्ण असल्यास पट्टी हिरवीच राही. २००६ मधील जेयुनिट ४ ने नावाऐवजी ॲनोटेशनने चाचणी ओळखण्याची पद्धत आणली. एनयुनिट या डॉट नेटवरील भावंडाने तसा मार्ग त्याआधीच स्वीकारला होता.

२०१७ मध्ये आलेल्या जेयुनिट ५ चे तीन भाग आहेत. 'प्लॅटफॉर्म' चाचण्या शोधून चालवतो, 'ज्युपिटर' नव्या पद्धतीच्या चाचण्या लिहिण्यासाठी आहे, तर 'व्हिंटेज' जुन्या चाचण्या चालू ठेवतो. संपादन साधने जेयुनिट ४ च्या अंतर्गत रचनेवर थेट विसंबत असल्याने तिच्यात लहानसा बदल करणेही अवघड झाले होते. म्हणून चालवण्याचे काम लिहिण्याच्या पद्धतीपासून वेगळे काढण्यात आले.