व्हिडिओ गेमचा डेमो

व्हिडिओ गेमचा डेमो म्हणजे एखाद्या व्हिडिओ गेमचा काही भाग ग्राहकाला विनामूल्य खेळून पाहता यावा, यासाठी काढलेली मर्यादित आवृत्ती होय. 'डेमो' हे 'डेमॉन्स्ट्रेशन' म्हणजे प्रात्यक्षिक या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. डेमो बहुधा खेळ विक्रीस येण्यापूर्वी किंवा विक्रीस येताना प्रसिद्ध केला जातो. मोठ्या जाहिरातखर्चाची ऐपत नसलेल्या स्वतंत्र, म्हणजेच 'इंडी' विकसकांच्या दृष्टीने डेमो हे वाचकापर्यंत पुस्तकाचे पहिले प्रकरण पोहोचवण्यासारखे साधन आहे. 'कोझी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवांत खेळांच्या आणि तऱ्हेवाईक कल्पनांवर बेतलेल्या लहान खेळांच्या प्रसारात इ.स. २०२० नंतर डेमोंचे महत्त्व विशेष वाढले.

स्वरूप

डेमोंचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात खेळाचा आरंभीचा भाग दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात खेळण्याच्या वेळेवर मर्यादा असते. तिसऱ्या प्रकारात मूळ खेळात नसलेला मजकूर केवळ डेमोसाठी रचलेला असतो. द स्टॅनली पॅरेबल (इ.स. २०१३) या खेळाचा डेमो तिसऱ्या प्रकारातील प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यात मूळ खेळातील प्रसंग न देता 'डेमो' या कल्पनेचीच थट्टा करणारी स्वतंत्र रचना दिली होती. त्यामुळे खेळाच्या विनोदाची जात कळे, परंतु कथानक उघड होत नसे.

काही डेमोंमध्ये खेळाडूने केलेली प्रगती जतन होते आणि पुढे पूर्ण खेळ विकत घेतल्यास तेथूनच खेळ चालू ठेवता येतो. डेमो हा 'बीटा चाचणी' आणि 'अर्ली ॲक्सेस' यांहून वेगळा आहे. बीटा चाचणीचा मुख्य हेतू दोष शोधणे हा असतो, तर अर्ली ॲक्सेसमध्ये अपूर्ण खेळ पैसे घेऊन विकला जातो.

इतिहास

शेअरवेअर

विनामूल्य नमुना देऊन उरलेला खेळ विकण्याची पद्धत अमेरिकेतील 'शेअरवेअर' व्यवसायातून रुजली. अपोजी सॉफ्टवेअरचे संस्थापक स्कॉट मिलर यांनी इ.स. १९८७ पासून 'क्रोझ' या खेळमालिकेचा पहिला भाग फुकट वाटून पुढील भाग टपालाने विकण्यास आरंभ केला. आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' याच रीतीने प्रसिद्ध केला. त्याच्या तीन भागांपैकी पहिला भाग विनामूल्य होता आणि तो एकमेकांना देण्यास खेळाडूंना पूर्ण मुभा होती.

मासिकांसोबतच्या सीडी

इ.स. १९९० च्या दशकात सीडी स्वस्त झाल्यावर गेमविषयक मासिकांसोबत डेमोंनी भरलेल्या सीडी मिळू लागल्या. इंटरनेटचा वेग अत्यल्प असलेल्या त्या काळात अनेक घरांत नवा खेळ प्रथम पोहोचे तो याच मार्गाने. सोनीच्या 'नेट यारोझ' संचावर हौशी मंडळींनी बनवलेले छोटे खेळही प्लेस्टेशनच्या मासिकांतील सीडींवरून प्रसिद्ध झाले. भारतात 'डिजिट' या इंग्रजी मासिकासोबत येणाऱ्या सीडींमध्ये संगणकप्रणालींबरोबर खेळांचे डेमोही असत.

डिजिटल वितरण

खेळ थेट इंटरनेटवरून उतरवून घेता येऊ लागल्यावर डेमोंसाठी सीडीची गरज उरली नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स लाइव्ह आर्केड' या दालनात एक्सबॉक्स ३६० च्या काळात प्रत्येक खेळाची विनामूल्य चाचणी आवृत्ती देणे बंधनकारक होते. याउलट संगणकावरील मोठ्या खेळांचे डेमो या काळात कमी होत गेले. व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' या दालनाने जून २०१५ मध्ये परताव्याची सोय सुरू केली. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वेळ खेळलेला खेळ तेव्हापासून परत करता येतो. त्यामुळे डेमोचे काही काम या सोयीनेच होऊ लागले.

स्टीम नेक्स्ट फेस्ट

डिसेंबर २०१९ मध्ये 'द गेम अवॉर्ड्स' या सोहळ्याच्या निमित्ताने स्टीमवर आगामी खेळांचे मोजके डेमो थोड्या काळापुरते ठेवण्यात आले. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे सॅन फ्रान्सिस्को येथील 'गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स' ही परिषद नियोजित वेळी भरू शकली नाही. प्रदर्शनातील मंचावर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती खेळ देऊन त्याचा चेहरा न्याहाळण्याची लहान विकसकांची संधी त्यामुळे हुकली. त्या वर्षी 'स्टीम गेम फेस्टिव्हल' या नावाने भरलेल्या उत्सवांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. जून २०२१ पासून हा उत्सव 'स्टीम नेक्स्ट फेस्ट' या नावाने ओळखला जातो.

हा उत्सव वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर महिन्यांत, सुमारे आठवडाभर चालतो. त्यात अद्याप विक्रीस न आलेल्या खेळांनाच प्रवेश मिळतो, डेमो देणे आवश्यक असते आणि एका खेळाला एकदाच भाग घेता येतो. त्यामुळे अर्धवट तयारीनिशी उतरणाऱ्या विकसकाला दुसरी संधी मिळत नाही. डेमो आवडलेले खेळाडू तो खेळ आपल्या 'विशलिस्ट'मध्ये, म्हणजे इच्छायादीत, नोंदवतात. खेळ विक्रीस येताच यादीतील सर्वांना सूचना जाते. म्हणून यादीत नाव नोंदवणाऱ्यांची संख्या हीच विकसकाची खरी मिळकत समजली जाते.

निवांत आणि तऱ्हेवाईक खेळ

निवांत खेळांची परंपरा जपानमधील 'हार्वेस्ट मून' (इ.स. १९९६) आणि 'ॲनिमल क्रॉसिंग' (इ.स. २००१) या मालिकांपर्यंत मागे नेता येते. शेती, बागकाम, स्वयंपाक, शेजाऱ्यांशी गप्पा अशा गोष्टी या खेळांच्या केंद्रस्थानी असतात. हरण्याची भीती नसते किंवा असलीच तर फार थोडी. एरिक बॅरोन यांनी एकट्याने तयार केलेल्या 'स्टार्ड्यू व्हॅली' (इ.स. २०१६) या खेळाच्या यशानंतर अनेक लहान चमू या प्रकाराकडे वळले. ऑस्ट्रेलियातील 'अनपॅकिंग' (इ.स. २०२१) मध्ये खेळाडू खोक्यांतील सामान काढून नव्या घरात लावतो आणि इ.स. १९९७ ते २०१८ या काळातील आठ घरबदलांतून एका स्त्रीचे आयुष्य उलगडत जाते. कॅनडात तयार झालेल्या 'वेन्बा' (इ.स. २०२३) मध्ये स्थलांतरित तमिळ कुटुंबातील आई जीर्ण झालेल्या वहीतील पाककृती जुळवते. तऱ्हेवाईक खेळांमध्ये गावकऱ्यांना छळणाऱ्या हंसाची भूमिका देणारा 'अनटायटल्ड गूस गेम' (इ.स. २०१९) विशेष गाजला.

अशा खेळांचे वर्णन शब्दांत सांगितले तर ते अगदी क्षुल्लक वाटते. खोक्यातून कप काढून फळीवर ठेवण्यात काय मौज आहे, हे चित्रफीत पाहूनही पुरते कळत नाही; ते हाताने करून पाहावे लागते. याच कारणाने या प्रकाराला डेमोची गरज अधिक भासते. मात्र त्यांचा संथपणा डेमोच्या थोड्या वेळात बसवणे अवघड असते. शेतीच्या खेळात पेरलेले उगवेपर्यंत डेमो संपला, तर खेळाडूच्या पदरी केवळ नांगरणी येते. म्हणून काही विकसक डेमोपुरता काळाचा वेग वाढवतात किंवा खेळातील एखादाच पूर्ण दिवस निवडतात.

लाभ आणि आक्षेप

मराठीत 'शितावरून भाताची परीक्षा' असे म्हणतात. डेमोमागील तत्त्व हेच आहे. तथापि भाताची सारी शिते सारखीच शिजतात, तशी खेळाची सगळी अंगे सारखी नसतात. त्यामुळे ही परीक्षा दोन्ही बाजूंनी चुकू शकते. इ.स. २०१३ मध्ये 'डाइस' परिषदेत खेळरचनाकार जेसी शेल यांनी एक्सबॉक्स ३६० वरील विक्रीचे आकडे मांडले. ज्या खेळांची चित्रफीत होती पण डेमो नव्हता, त्यांची विक्री डेमो असलेल्या खेळांहून अधिक झाल्याचे त्यांत दिसले. डेमोने कुतूहल शमले की खरेदीची निकड उरत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. अर्थात हे आकडे मुख्यत्वे मोठ्या जाहिरातीच्या काळातील असून, ज्याचे नावच कोणी ऐकलेले नाही अशा खेळाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

याउलट उदाहरण 'बालाट्रो' या पत्त्यांच्या खेळाचे आहे. एकाच विकसकाने घडवलेल्या या खेळाचा डेमो आधीच लोकप्रिय झाला होता आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विक्रीस आल्यावर महिनाभरातच त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. फार लहान खेळांपुढील पेच निराळा असतो. 'अ शॉर्ट हाइक' (इ.स. २०१९) सारखा खेळ साधारण दोन तासांत पुरा होतो. अशा खेळाचा अर्धा तास फुकट दिला, तर विकण्यासारखे उरते तरी किती, हा प्रश्न विकसकाला सोडवावा लागतो. शिवाय डेमो घडवणे, तपासणे आणि दुरुस्त करणे यांत मूळ खेळाच्या कामाचे काही आठवडे खर्च होतात. दोन-तीन जणांच्या चमूला हा खर्च जड जातो.

जतनाचा प्रश्न

डेमो हे तात्पुरते साहित्य मानले जात असल्याने अनेकदा उत्सव संपताच किंवा खेळ विक्रीस येताच काढून घेतले जातात. 'पी.टी.' (इ.स. २०१४) हा 'सायलेंट हिल्स' या आगामी खेळाचा डेमो प्लेस्टेशन ४ वर प्रसिद्ध झाला होता. इ.स. २०१५ मध्ये मूळ खेळ रद्द झाल्यावर तो दालनातून हटवण्यात आला आणि ज्यांच्या यंत्रावर तो आधीच होता त्यांच्याकडेच उरला. जुन्या मासिकांच्या सीडी कपाटात टिकून राहिल्या, पण केवळ इंटरनेटवर असलेल्या डेमोंना तोही आधार नाही. खेळ घडताना त्याचे आधीचे रूप कसे होते, याचा डेमो हा अनेकदा एकमेव सार्वजनिक पुरावा असतो. म्हणून व्हिडिओ गेमच्या इतिहासाच्या अभ्यासकांना डेमोंचे जतन महत्त्वाचे वाटते.

हे सुद्धा पहा

व्हिडिओ गेम
इंडी गेम
शेअरवेअर
स्टीम
स्टार्ड्यू व्हॅली