सुपर एट कॅमेरा : वापर, बिघाड आणि निगा

घरगुती चित्रीकरणासाठी ईस्टमन कोडॅक कंपनीने १९६५ साली 'सुपर एट' ही आठ मिलिमीटर रुंदीची फिल्म बाजारात आणली. १९३२ पासून प्रचलित असलेल्या त्याआधीच्या पद्धतीत फिल्म हाताने ओवावी लागे आणि निम्मे चित्रीकरण झाल्यावर मंद प्रकाशात रीळ उलटवून पुन्हा बसवावे लागे. सुपर एटने ही खटपट संपवली. ५० फूट फिल्म असलेली प्लॅस्टिकची बंद कार्ट्रिज कॅमेऱ्यात सरकवली की चित्रीकरण सुरू करता येई. हे कॅमेरे आजही कपाटांतून बाहेर निघतात, जुन्या बाजारात मिळतात आणि कोडॅक त्यांच्यासाठी फिल्मही बनवते. मात्र सेकंदाला १८ चौकटी या वेगाने एक कार्ट्रिज अवघी ३ मिनिटे २० सेकंद चालते आणि झालेली चूक फिल्म धुऊन आल्यावरच कळते. त्यामुळे फिल्म घालण्याआधीची तपासणीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

झाकण उघडण्यापूर्वी

जुना कॅमेरा हाती येताच त्याचे झाकण उघडू नये. आत अर्धवट वापरलेली फिल्म असू शकते आणि तिच्यावर कदाचित आज हयात नसलेल्या माणसांची चित्रे असू शकतात. बहुतेक कॅमेऱ्यांना झाकणावर छोटी खिडकी असते, तिच्यातून कार्ट्रिजचे लेबल दिसते. फुटांचा आकडा शून्यावर नसेल तरीही आत फिल्म असण्याची शक्यता असते. कार्ट्रिज काढताच हा आकडा शून्यावर जातो, म्हणून तो आधी टिपून ठेवावा. सुपर एटमध्ये झाकण उघडल्यास समोरच्या काही चौकटीच खराब होतात. रिळाच्या जुन्या कॅमेऱ्यात मात्र नुकसान बरेच अधिक होते.

कार्ट्रिजवर 'कोडॅक्रोम' असे नाव असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या फिल्मची रंगीत धुलाई आता होत नाही. अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या पार्सन्स येथील ड्वेन्स फोटो या शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर ती स्वीकारणे थांबवले. अशा फिल्ममधून आता कृष्णधवल चित्रच मिळू शकते, पण तेवढ्यासाठीही ती जपण्याजोगी आहे.

सेल आणि मोटर

कॅमेरा बंद असण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे वर्षानुवर्षे आत राहून पाझरलेले सेल. संपर्कपट्ट्यांवरचा पांढरा किंवा हिरवट थर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावा, नंतर स्पिरिटने स्वच्छ करून पूर्ण कोरडा होऊ द्यावा. काही कॅमेऱ्यांत प्रकाशमापकासाठी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा वेगळा सेल असे. तो आता बनत नाही. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा सेल घातल्यास मापन चुकते, श्रवणयंत्रातला १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल त्याला अधिक जवळचा आहे.

त्यानंतर फिल्मविना कॅमेरा चालवून पाहावा. आवाज एकसारखा यायला हवा. मोटर अडखळत असेल तर आतले वंगण सुकलेले असते. अशा वेळी बाहेरून तेल सोडणे टाळावे. ते शटर आणि भिंगांवर पसरते. हे काम जाणकार कारागिराकडे सोपवावे.

चित्रीकरण करताना

प्रथम आयपीसची रचना आपल्या नजरेनुसार जुळवावी. मग झूम पूर्ण पुढे नेऊन फोकस साधावा आणि त्यानंतर हवी ती चौकट घ्यावी. सूर्य आणि दिवा अशी चिन्हे असलेला खटका फिल्टरचा असतो. दिव्याच्या प्रकाशासाठी बनवलेली २०० टी फिल्म उन्हात वापरताना तो सूर्यावर ठेवावा. ५० डी ही फिल्म मुळात उन्हासाठीच असल्याने तिला फिल्टर लागत नाही. तेव्हा खटका दिव्यावर ठेवावा.

फिल्म खरोखर सरकते आहे का, हे पाहण्याचा सोपा उपाय आहे. समोर दिसणाऱ्या फिल्मवर पेनाने छोटी खूण करावी, कार्ट्रिज बसवून दोन-तीन सेकंद कॅमेरा चालवावा आणि कार्ट्रिज काढून पाहावी. खूण नाहीशी झाली असेल तर फिल्म सरकते आहे. यात काही चौकटी वाया जातात, पण उरलेली फिल्म वाचते. फिल्मवर 'एक्स्पोज्ड' हा छापील शब्द दिसल्यास ती संपली आहे असे समजावे.

दोष आणि कारणे

- चित्र थरथरणे : कार्ट्रिज नीट न बसणे किंवा आतली फिल्म घट्ट होणे. कार्ट्रिज काढून तळहातावर हलके आपटून पुन्हा बसवावी.
- कडेला काळा केस दिसणे : गेटमध्ये तंतू अडकणे. मऊ ब्रश वापरावा, धातूची वस्तू कधीही नाही.
- उभे ओरखडे : गेटमध्ये साचलेली घाण.
- उन्हातले चित्र निळसर : दिव्याच्या फिल्मला फिल्टर न लावणे.
- उन्हातले चित्र नारिंगी : डेलाइट फिल्मवर फिल्टर राहणे.
- चित्र फार काळे किंवा फार फिके : प्रकाशमापकाचा सेल किंवा त्याचे चुकीचे मापन.

पावसाळ्यातील निगा

आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते आणि ती एकदा मुरली की भिंगाचा थरही खाते. चामड्याचा डबा ओलावा धरून ठेवतो, म्हणून कॅमेरा त्यात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. सेल काढून ठेवावेत. न वापरलेली फिल्म फ्रिजमध्ये ठेवल्यास वापरण्याच्या काही तास आधी बाहेर काढावी आणि वेष्टन लगेच फोडू नये, अन्यथा तिच्यावर दव साचते. महिन्यातून एकदा कॅमेरा मिनिटभर चालवला तर मोटर मोकळी राहते आणि बिघाड वेळीच लक्षात येतो.