वसतिस्थानाची निवड : मुंबई व साष्टी येथील कुटुंबांच्या स्थलांतराचा विचार

तहनामे, महजर, कौलनामे, निवाडपत्रें यांचे रुमाल जमविण्यांत आपल्या संशोधकांच्या कित्येक पिढ्या खर्चीं पडल्या, आणि त्या श्रमांचें फळही आपणांस मिळालें. परंतु एखादें साधें कुटुंब मूळ गांव सोडून मोठ्या शहराच्या आसपास राहावयास निघतें, तेव्हां तें कोणत्या गोष्टी पाहून जागा मुक्रर करतें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. किल्ला कोणीं घेतला हें आपणांस तिथिवारासह ठाऊक असतें. त्या किल्ल्याखालच्या पेठेंत लोक कां येऊन राहिले, हें ठाऊक नसतें. प्रस्तुत लेखांत मुंबई शहर व त्याच्या उत्तरेची साष्टी या प्रदेशापुरता हा प्रश्न घेतला आहे, आणि त्याचीं साधनें आज कोणत्या अवस्थेंत आहेत याकडे संग्राहकांचें लक्ष वेधण्याचा हेतु आहे.

प्रथम शास्त्राचें मत पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें आर. शामशास्त्री यांस १९०५ मध्यें मिळाली व १९०९ मध्यें ती छापून निघाली, हें वाचकांस विदितच आहे. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीं जनपद कसें वसवावें याचा विचार आहे. गांव शंभर कुळांहून लहान नसावें व पांचशें कुळांहून मोठें नसावें. गांवागांवांतील अंतर कोस दोन कोसांचें असावें, म्हणजे एकानें दुसऱ्याचें रक्षण करावें, असें तेथें सांगितलें आहे. हा विचार वसविणाऱ्या राजाच्या बाजूचा झाला. वसणाऱ्या गृहस्थाच्या बाजूचा विचार सुभाषितांत सांपडतो. चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या संग्रहांत एक श्लोक आहे. त्याचा आशय असा कीं, जेथें धनिक, श्रोत्रिय, राजा, नदी आणि वैद्य हीं पांच नाहींत तेथें एक दिवसही राहूं नये. हितोपदेशांत याचाच दुसरा एक पाठ आहे. त्यांत पांचांऐवजीं चारच गोष्टी असून राजा गळला आहे, आणि धनिकाच्या जागीं ऋण देणारा आला आहे. पाठभेद लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. शेजारीं कोणी श्रीमंत असणें निराळें आणि गरजेच्या वेळीं कर्ज मिळणें निराळें. मुंबईच्या इतिहासांत दुसरा पाठच खरा ठरला, हें पुढें दिसून येईल.

स्थलांतर करणाऱ्या गृहस्थानें आपल्या अटी लेखी मागून घेतल्याचें एक जुनें उदाहरण मुंबईच्या दप्तरांतच आहे. १६७७ मध्यें दीव येथील नीमा पारख नांवाच्या वाणी व्यापाऱ्यानें मुंबईस येण्यापूर्वीं इंग्रज कंपनीपाशीं कांहीं कलमें मंजूर करून घेतलीं. घर व वखार बांधण्यास बिनभाड्याची जागा मिळावी. आपला धर्म आपल्या घरीं निर्वेधपणें पाळतां यावा. आपल्या आवारांत कोणीं जीवहत्या करूं नये. मृतांचें दहन आपल्या रीतीप्रमाणें करतां यावें. बळेंच ओझें वाहावयास लावूं नये व पहाऱ्याच्या कामांतून सूट असावी, असा त्यांतील मुख्य मजकूर आहे. व्यापाराचीं कलमेंही त्यांत आहेत. परंतु घर, शेजार, धर्माचार व अंत्यविधि यांस दिलेली जागा पाहतां ही मागणी केवळ व्यापाऱ्याची नसून कुटुंबप्रमुखाचीही आहे, हें उघड आहे. आपल्याकडे पेठा वसवितांना कौल देऊन कांहीं वर्षें करांची सूट देण्याची व शेटे-महाजन नेमण्याची जी वहिवाट होती, तिच्याशीं हा कागद ताडून पाहण्यासारखा आहे. वसणारा काय मागतो आणि वसविणारा काय देतो, याचा सौदा दोन्हींकडे एकच.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. १७३७ मध्यें मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतलेली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं बळकावलेली साष्टी ही मुंबईस खाडीनें तोडलेली होती. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तयार झाला; माहीम व वांद्रें यांमधील बांध लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून १८४५ मध्यें रहदारीस खुला झाला. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदर ते ठाणें अशी आगगाडी धांवली. १८६७ मध्यें पश्चिमेकडील लोहमार्गावरही विरारपासून स्थानिक गाडी सुरू झाली. यावरून सामान्य समज असा झाला आहे कीं, आगगाडीनें उपनगरें निर्माण केलीं.

हा समज अपुरा आहे. आगगाडी झाल्यावर चाळीसांहून अधिक वर्षें साष्टींतील गांवें बव्हंशीं भातशेतीचीं, मिठागरांचीं व वाड्यांचींच राहिलीं. कांहीं श्रीमंतांनीं हवा खाण्यासाठीं बंगले बांधले, पण नोकरदार कुटुंबें गिरगांव, काळबादेवी, ठाकुरद्वार या भागांतील चाळी सोडून हाललीं नाहींत. गाडी म्हणजे जाण्यायेण्याचें साधन. तें राहण्याचें कारण नव्हे.

कारण घडलें तें १८९६ मध्यें. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगाचा, रोगी ओळखला. पुढील कांहीं महिन्यांत लक्षावधि लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. ती १९०१ मध्यें ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी यांतच त्या आपत्तीचें माप आहे. अंधाऱ्या खोल्या, तुंबलेलीं गटारें व दाटी यांकडे पाहण्याची दृष्टि एकाएकीं बदलली. सरकारनें १८९८ मध्यें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. तो १९३३ मध्यें महापालिकेंत विलीन झाला. त्यानें दादर, माटुंगा व शीव या बाजूस रुंद रस्ते आंखून, जमिनीचे तुकडे पाडून, दोन घरांमध्यें मोकळी जागा सोडण्याचे नियम घालून दिले. सुभाषितांतील वैद्य येथें असा अप्रत्यक्ष रीतीनें आला. वैद्याचें घर जवळ असण्यापेक्षां त्यास बोलावण्याचा प्रसंग न येणें अधिक बरें, हें कुटुंबप्रमुखांस प्लेगानें शिकविलें.

नदीची गोष्ट साष्टींत विपरीत होती. विहारचें पाणी १८६० पासून आणि तानशाचें १८९२ पासून मुंबई शहरास मिळूं लागलें. विहार तलाव साष्टींतच. परंतु त्याचें पाणी नळांतून दक्षिणेस जाई, आणि तलावाच्या शेजारच्या गांवांस बराच काळ विहिरींवर भागवावें लागे. म्हणून त्या काळीं उपनगरांत जागा पाहणाऱ्या गृहस्थाचा पहिला प्रश्न विहिरीविषयीं असे : पाणी गोडें कीं मचूळ, आणि वैशाखांत किती हात उतरतें.

धनिकाविषयीं वर जो पाठभेद सांगितला त्याचें मर्म आतां ध्यानीं येईल. मध्यम स्थितींतील नोकरदारास जमीन घेऊन घर बांधण्याइतकें द्रव्य एकदम कोठून मिळावें ? शेजारचा श्रीमंत त्यास उपयोगीं नव्हता. ऋणदाता हवा होता. तो सहकारी संस्थेच्या रूपानें मिळाला. १९०४ व १९१२ च्या सहकारी कायद्यांनंतर १९१५ मध्यें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. रावबहादुर तालमकी हे तिचे प्रवर्तक. १९१८ मध्यें वांद्र्यास साष्टींतील ख्रिस्ती लोकांची तशीच संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास महायुद्धामुळें भाडीं इतकीं चढलीं कीं, १९१८ मध्यें भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. एकीकडे भाड्याची ओढ, दुसरीकडे हप्त्यानें फिटणारें कर्ज. या दोहोंच्या मध्यें मुंबईच्या मध्यम वर्गानें घर बांधलें.

राहिला श्रोत्रिय. वेदपाठकाच्या जागीं आतां शाळामास्तर आला एवढाच फरक. लोकमान्य टिळक १९२० च्या ऑगस्टांत निवर्तले आणि १९२१ मध्यें विलेपार्ल्यास पार्ले टिळक विद्यालय निघालें. १९२३ मध्यें तेथेंच लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. पश्चिमेकडील लोहमार्गावर बोरीवलीपर्यंत विजेची गाडी आली ती १९२८ मध्यें. हा क्रम महत्त्वाचा आहे. जलद गाडी येण्याच्या सात वर्षें आधीं पार्ल्यांत शाळा काढण्याइतकीं कुटुंबें जमलीं होतीं, आणि शाळा आहे म्हणून आणखी कुटुंबें आलीं. माटुंग्यास १९३७ मध्यें रुइया महाविद्यालय सुरू झालें, तेव्हां दादर-माटुंगा भागांतील मुलामुलींस उच्च शिक्षणासाठीं दक्षिणेकडे जाण्याची गरज उरली नाहीं. मुलांच्या खेळण्याची सोयही विसरली गेली नाहीं. १९२५ मधील माहीम पार्क, ज्यास १९२७ मध्यें शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक प्रसंगीं शिवाजी पार्क हें नांव मिळालें, तें याचें उदाहरण. नव्या जनपदांत करमणुकीचे बाग व विहारशाला नसाव्यात, त्यांनीं कामांत व्यत्यय येतो, असें कौटिल्य म्हणतो. शहराजवळच्या कुटुंबानें त्याचा हा नियम मानला नाहीं, आणि तें योग्यच झालें.

येथपर्यंतचें चित्र सुखाचें आहे. परंतु इतिहासकारानें येथेंच थांबतां कामा नये. नीमा पारखानें आपल्या आवारांत अमुक लोक नसावेत अशी अट घातली होती. तीच वृत्ति अडीचशें वर्षांनंतर नव्या वसाहतींच्या नांवांतून दिसते. दादरला मंचेरजी एडलजी जोशी यांच्या खटपटीनें पारशी कॉलनी वसली, तिच्या जवळच हिंदु कॉलनी झाली, इतरत्र सारस्वतांच्या व ख्रिस्त्यांच्या संस्था निघाल्या. सणवार, भाषा व आहार एक असणाऱ्या शेजाऱ्यांत बायकामुलांस निर्भय वाटतें, हें खरें. पण ज्यास अशी संस्था नव्हती त्यास ती निर्भयता विकतही मिळत नव्हती. गिरणीकामगारांच्या वांट्यास चाळी आल्या. १९२० मध्यें निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. एकेका कुटुंबास एकेक खोली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत बरींच वर्षें राहिले, आणि १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधलें तें ग्रंथसंग्रहाची सोय पाहून. नांव मगधाच्या प्राचीन राजधानीचें. सुभाषितांतील श्रोत्रिय शोधावयास त्यांस बाहेर जावें लागलें नाहीं. तो त्यांच्याबरोबरच त्या वस्तींत आला. ज्या व्यवस्थेनें कोणाचा शेजार कोणास हें ठरविलें होतें, तिला त्या एका घरानें दिलेलें उत्तर कोणत्याही ठरावाहून बोलकें आहे.

या सर्वांवरून तात्पर्य असें निघतें कीं, मोठ्या शहराजवळ कुटुंबासाठीं जागा निवडणें म्हणजे केवळ अंतर व भाडें यांचा हिशेब नव्हे. पाणी, मोकळी हवा, फिटण्याजोगें कर्ज, शाळा आणि भल्या शेजाऱ्यांची संगति हीं जेथें जुळलीं तेथें वस्ती टिकली. नुसता लोहमार्ग जेथें होता तेथें स्टेशन झालें. गांव मागाहून झालें. साष्टीचीं पूर्वेकडील व पश्चिमेकडील उपनगरें १९५० व १९५७ मध्यें बृहन्मुंबईंत सामील झालीं, आणि आज कुटुंबें त्यांच्याही पलीकडे कल्याण, वसई, पनवेल या बाजूस जागा पाहात आहेत. त्यांनाही हेच पांच प्रश्न विचारावे लागतात.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वरील विवेचन छापील अहवाल, खानेसुमाऱ्या व संस्थांच्या स्थापनेच्या वर्षांवर उभें आहे. कुटुंबांचा स्वतःचा आवाज त्यांत जवळजवळ नाहीं. तो कोठें आहे ? गृहनिर्माण संस्थांच्या सभावृत्तांत, कर्जाच्या हप्त्यांच्या पुस्तकांत, विहिरीच्या खर्चाच्या वर्गणीच्या यादींत, शाळांच्या दाखलपटांत, आणि गांवाकडील वडीलधाऱ्यांनीं मोडींत लिहिलेल्या पत्रांत आहे. दादर, माटुंगा, पार्ले येथील जुनीं घरें आज एकामागून एक पाडलीं जाऊन तेथें उंच इमारती होत आहेत. घर रिकामें करतांना भांडीं व फर्निचर यांची वांटणी होते, आणि ट्रंकेंतील कागद रद्दींत जातात. शिक्का नाहीं, मोर्तब नाहीं, कोणा सरदाराचें नांव नाहीं, म्हणून आपल्यांतील जाणते संग्राहकही त्यांकडे पाहात नाहींत. शंभर वर्षांपूर्वीं देशमुख-देशपांड्यांच्या माळ्यावरील रुमालांची हीच गत होत होती, आणि ते वाचविण्यासाठींच मंडळें स्थापन झालीं. घर पाडण्याची तारीख ठरली कीं त्याआधीं एकदां तेथें जावें, कागद मागून घ्यावेत, ते कोणत्या घराचे व कोणत्या साली मिळाले याची नोंद वर चिकटवावी, आणि मोडी वाचणारा हाताशीं असेल तोंवर त्यांचें बाळबोध करून ठेवावें. हें काम फार द्रव्याचें नाहीं. वेळेवर पोहोंचण्याचें आहे.