एक, अनेक आणि एका पोरीचा आवाज

तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'एक आणि अनेक' हा विषय आम्ही उपनिषदांपासून सुरू करायचो आणि मुलं खिडकीबाहेर बघायची. एकदा सहज त्या कार्टूनमधल्या ताईचा विषय काढला, तर अख्खा वर्ग गाऊ लागला. शंकराचार्यांना जे आमच्या वर्गात जमलं नव्हतं, ते सात-आठ मिनिटांच्या फिल्मने केलं, बरं का!

'एक अनेक और एकता'. साल १९७४, निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची, गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं. देसाई सावंतवाडीकडचे, प्रभातमध्ये शांतारामबापूंच्या हाताखाली घडलेले. 'अमर भूपाळी'त होनाजी बाळाच्या निमित्ताने त्यांनी शाहिरी परंपरा पडद्यावर आणली. इथेही चाल अशी बांधली, की पेटी-तबला नसला तरी शाळेच्या ओसरीवर पोरांना म्हणता यावी. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, लिफ्टच्या अपघातात ते गेले. आणि गाणारी पोर? दाभोळची साधना घाणेकर, जेमतेम पाच वर्षांची. पुढे साधना सरगम म्हणून गाजली ती हीच.

आता थोडं लांब जाऊ. आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, अमेरिकेत डिस्नेचा 'रॉबिन हूड' आला. त्यात गोष्ट सांगतो एक कोंबडा. त्याचा आवाज आणि गाणी रॉजर मिलर या कंट्री गायकाची. कंट्री म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं. मिलर ओक्लाहोमातल्या एरिक गावी काकांकडे वाढला, लहानपणी त्याने कापूस वेचला. आता यवतमाळात बसून आम्ही तुम्हाला कापूस वेचणारं पोर काय समजावून सांगावं? तर तो कोंबडा म्हणजे आपला डफवाला शाहीरच. फरक एवढाच, की मिलर आपल्या गावच्या ढंगात, आपल्या नावाने गायला. आमच्या वर्गात मात्र गाणं सगळ्यांना पाठ, आणि कर्त्यांची नावं विचारली की सामसूम.

पण खरी अडचण वेगळीच आहे. फिल्ममधले पक्षी जाळं घेऊन उडतात, तेव्हा कोणी कोणाची पिसं उसनी घेत नाही. म्हणजे ही एकता कृतीतली आहे, रूपातली नाही. हे मुळेबाईंनी फार नेमकं पकडलंय. गाणंही भाषांच्या अनेकपणाविषयी बोलतं, पण बोलतं हिंदीतच.

त्या दिवशी गाणं संपल्यावर केळापूरकडचा एक कोलाम विद्यार्थी म्हणाला, "सर, यात आमची भाषा कुठं आहे?" आम्ही खडू घेऊन फळ्याकडे वळलो, पण लिहिण्यासारखं काही सुचेना. शेवटी त्यालाच विचारलं, कोलामीत पाखराला काय म्हणतात? उरलेला तास त्यानेच घेतला.